वस्तू क्रमांक एकशे बारा

सोळा रिंगिट मोजून योक म्वे आत येते,
पुढच्या दाराने.
ऐंशीच्या घरातली बाई, हातात कापडी पिशवी.
उंबरा ओलांडताना पाय गरजेपेक्षा जास्त उचलते.

विल्फ्रेड सीत सांगतो आहे:
हे पणजोबा. आधी जायफळ, मग रबर, मग दोन जहाजं.
हा पलंग, बारा दिवसांच्या लग्नाचा.
ह्या सपाता, मणी इतके बारीक
की ओवता ओवता मुलींचे डोळे जायचे.
"जायचे" म्हणताना तो किंचित हसतो,
आम्ही नऊजण पण हसतो.
बाहेर मलाक्का उकडतंय.
इथे घराच्या मधोमध आभाळाचा एक चौकोन कापून ठेवलाय,
त्यातून ऊन उतरतं आणि हौदातल्या माशांवर पडतं.

वरच्या मजल्यावर विल्फ्रेड जमिनीतली एक लाकडी खुंटी उपसतो.
वीतभर भोक.
"दारात कोण आलंय, ते मुली इथून बघायच्या.
आपण दिसायचं नाही, पण बघायचं."
आम्ही एकेक करून गुडघे टेकतो, डोळा लावतो.
मला दिसते माझीच चप्पल, दाराशी, एकीवर एक.

योक म्वे वाकत नाही.
"खालून नुसता डोळा दिसायचा," ती म्हणते.
"झाडता झाडता वर पाहिलं की डोळा.
कुणाचा, ते कधी कळलं नाही."

विल्फ्रेड खुंटी पुन्हा बसवतो.
नीट बसत नाही. पुन्हा बसवतो.

मग स्वयंपाकघर. मखमली दोरी.
दोरीपलीकडे चूल, पितळी डबे, गुलाबी-हिरव्या बशांवरचे फिनिक्स पक्षी,
आणि पाटा-वरवंटा.
"अस्सल ग्रॅनाइट," विल्फ्रेड म्हणतो. "ह्याच्यावर आमच्या घरची चव..."

"उलटा ठेवलाय."

"काय?"

"पाटा. जाड बाजू बसणारीकडे हवी.
असा ठेवून वाटलं तर सगळी मिरची मांडीत येईल."

विल्फ्रेड पाट्याकडे बघतो, पाटीकडे बघतो.
वस्तू हलवायची तर फॉर्म लागतो, तो सांगतो,
क्युरेटरबाई क्वालालंपूरला, सोमवारी येतील.
रखवालदार रोसमान मात्र तोवर दोरीखालून आत गेलाय,
उकिडवा बसून टॉर्च मारतोय:
भिंतीच्या बाजूला, लाल फरशीत,
दोन उथळ खळगे, शेजारी शेजारी.
तेलकट काळे.
गुडघ्यांएवढे.

कुणी काही बोलत नाही.
एक बाई मोबाइल वर करते, खाली घेते.

विल्फ्रेड खिशातून पेन काढतो. चांगला माणूस आहे तो.
"कोण वाटायचं इथे? नाव सांगा, मी फॉर्मवर लिहितो."
"माझी आई."
"हो, पण नाव?"
"ह्या घरातलं सांगू, की खरं?"

फॉर्मवर रकाना एकच.
पेन कागदाच्या वर तसंच राहतं,
जसं वाटण चाखायला बोट उचललेलं.

ती दोन्ही सांगते. मला पुरतं ऐकू येत नाही;
खालच्या आवाजात, मलायमध्ये, मग दुसऱ्या कुठल्या भाषेत,
आणि दुसरं नाव जरा लांब आहे,
विल्फ्रेड समासात शिरतो.

जाताना ती सवयीने मागच्या दाराकडे वळते.
दार बंद. उघडलं तर भोंगा वाजतो, रोसमान सांगतो.
मग पुन्हा सगळं घर ओलांडून,
पणजोबा, पलंग, सपाता, मासे,
बाहेरची वाट दुकानातून.

फळीवर मुठीत मावतील असे पाटे, राळेचे,
बारा रिंगिटला एक, वर बोटाएवढा वरवंटा.
जाड बाजू सगळ्यांची भिंतीकडे.
योक म्वे पिशवी खाली ठेवते.
एक उचलते, फिरवून ठेवते.
मग शेजारचा.
काउंटरवरची मुलगी विचारते, घ्यायचाय का?
"नाही," ती म्हणते,
आणि तिसऱ्याकडे हात नेते.