रकाना क्रमांक अकरा

धुळ्याहून शिरपूरकडे जाताना, नरडाण्याच्या अलीकडे
आमची प्रयोगशाळा.
मे महिन्यात मेणाचे ठोकळे घाम फुटल्यासारखे मऊ पडतात.
भदाणेमामा त्यांना बर्फावर निजवतात,
मग काढतात उंदराच्या यकृताचा पापुद्रा,
चार मायक्रॉनचा, कोमट पाण्यावर तरंगणारा.
त्यांची आई खापरावर मांडे टाकायची.
हात तिचेच.

फॉर्म आलाय सातासमुद्रापलीकडच्या मंडळाचा.
विषविकृतिशास्त्रज्ञ म्हणून मान्यता हवी असेल तर सांगा:
किती वर्षे, किती काचपट्ट्या,
उंदीर किती, कुत्रे किती, ससे किती.
परदेशातले दोघे, जे तुम्हाला ओळखतात.
मग माझी सही तिकडेही चालेल.
सध्या ती बडोद्यापर्यंत जाते.

रकाना अकरा: सक्षमता कोठे व कशी मिळवली.

परभणीला. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
त्याआधी अमळनेरला, मुनाफ खाटकाच्या ओट्यावर.
वडील ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर, तपासणीला जाताना मला न्यायचे.
मुनाफचाचा कलेजी तळहातावर घेऊन
अंगठा फिरवायचे, डोळे भलतीकडेच.
‘काय दखास व माय तुले?’
मी म्हणायचे, रोग.
‘रोग नको सांगू. जे दखास तेच सांग.’
कडेला पांढरा ठिपका, ज्वारीएवढा. दाबला तर कडक.
ते कलेजी बाजूला ठेवायचे
आणि त्या दिवसाचा गल्ला तेवढा कमी व्हायचा.

याला जोडपत्र कुठले लावू?

आणि सत्तेचाळीस नंबरची ती काचपट्टी:
पेशी फुगलेल्या, मी लिहिले ‘औषधामुळे’,
सही केली, घरी आले, भाकरी गिळेना.
सकाळी मामांना म्हटले, नंबर झाका, सगळ्या पुन्हा लावा.
नुसते पाणी पाजलेल्या गटातही दोन यकृते
तशीच फुगलेली निघाली.
मग कालच्या शब्दावर रेघ मारली. एकच,
खालचे वाचता यावे अशी.
शेजारी तारीख, शेजारी मी.

त्या रेघेबद्दल कोणी विचारत नाही,
मला तर वाटते तेवढीच माझी पदवी.

भदाणेमामा खांद्यावरून डोकावतात.
‘यात कापणाऱ्याचं नाव कुठं टाकता, मॅडम?’
नाही मामा, तसा रकाना नाही.
‘बरं,’ म्हणतात,
आणि बादली उचलून
बर्फ आणायला जातात.