इंजिनाची बैठक

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यावरच्या माळ्यावर
माझं ऑफिस. खाली लाद्या फुटतात
तेव्हा वर टेबलावरचा चहा थरथरतो.
एकशे बारा लाँचींचा हिशोब माझ्या ॲपमध्ये:
बर्फ किती, डिझेल किती,
कुणाच्या सुरमईला काय बोली लागली,
उचल वजा जाता खलाशाच्या हातात काय.

आणि हे सगळं राहतं कुठे,
तर परक्याच्या यंत्रात, भाड्यानं.

मार्चमध्ये भाडं वाढलं.
मी म्हटलं, जाऊ दुसरीकडे, बाजारात काय एकच दुकान आहे?
मग दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षर वाचलं.
माल आत आणायला पैसा नाही.
बाहेर न्यायचा तर गिगाबाइटमागे मोजा.

इसाक तांडेल पावतीसाठी वर आले होते, गुडघा धरून.
त्यांना एवढंच सांगितलं, चाचा, बिऱ्हाड हलवायचंय.
ते खुर्चीत टेकले.
"बापानं पहिली लाँच बांधली तेव्हा
इंजिनाची बैठक ठोकली
त्याच एका कंपनीच्या मापानं, भोकांसकट.
नऊ वर्षांनी इंजिन बसलं.
नवं आणलं, तर ते बसेना.
शेवटी लाँचीचं पोट फोडलं.
तेव्हापासून आमचा सुतार बैठक लांब ठेवतो,
भोकं पाडत नाही.
आधी इंजिन येऊ दे, म्हणतो."

त्या रात्री मी माझाच कोड उघडला.
जागोजाग जुन्या मालकाची भोकं.
फोटो ठेवायची कोठी त्याची,
निरोपांची रांग त्याची,
रात्री तीनला हिशोब जागा करणारी घंटाही त्याचीच.
फुकट होतं म्हणून घेतलेलं,
सात वर्षांपूर्वी, बहिणीच्या लग्नाच्या आठवड्यात, घाईत.
तेव्हा कोण बघतंय पोट कुठून फुटणार ते.

सात आठवडे खिळे उपटत होते.
काही सरळ निघाले, काहींनी लाकूड घेऊन सोडलं.
शेवटी ॲप एका पेटीत मावलं,
कुठेही नेऊन ठेवा, उघडणारं.
दोन कंपन्यांकडे ठेवून पाहिलं.
माझ्या जुन्या लॅपटॉपवरही उघडलं,
पंखा तेवढा बोंबलला.

जुम्म्याला लाँची बंदरात नांगरलेल्या असतात,
म्हणून गुरुवारी रात्री अकराला सुरुवात केली.
नोंदी जात राहिल्या, मी आकडे बघत राहिले.
जुनीकडे अठ्ठेचाळीस लाख आणि वर काही,
नवीकडे सात कमी.
सात नोंदींसाठी फजरची बांग झाली.
सापडल्या. एका खलाशाच्या नावात
कुणीतरी चिकटवलेला हसरा चेहरा होता,
तो नव्या घराला वाचता येईना.

मग पत्ता बदलला.
नवा पत्ता सगळीकडे पोचायला वेळ घेतो,
म्हणून जुनं यंत्र रविवारपर्यंत जागं ठेवलं,
चुकून कुणी तिकडे गेलाच
तर वाट दाखवायला. त्याचंही भाडं पडलं.
बाहेर पडण्याचे पैसे वेगळे. ते भरले, मुकाट.

शनिवारी पहाटे बर्फ भरायला सुरुवात झाली.
मी कान देऊन बसले. कुणी ओरडलं नाही.
पावत्या निघत होत्या.
जरा डोळा लागतोय, तोवर जिन्यावर तोच गुडघा.

"निलोफर, हे काय लिहिलंय?
शुक्रवार, रात्री अकरा चाळीस?
शुक्रवारी रात्री मी मेव्हण्याकडे जेवायला होतो.
बर्फ आत्ता घेतला. पाच दहाला."

साडेपाच तास मागे.
नवं यंत्र कुठल्यातरी दूरच्या गावाची वेळ सांगत होतं,
त्याला कुणी रत्नागिरीची सांगितलीच नव्हती.
मी सगळं उपटलं होतं, कोठी, रांग, घंटा,
घड्याळाकडे पाहिलंच नाही.
ते जुन्या मालकाच्या भिंतीवर होतं
आणि सात वर्षं मी ते माझंच समजत होते.

एक ओळ लिहिली. पावती पुन्हा छापली.
चाचांनी नवी खिशात घातली,
जुनीचे चार तुकडे केले, मग आठ.
"ही घरी सापडली तर," म्हणाले,
"भाकरी मिळायची नाही."
आणि बैठकीचं काय झालं ते न विचारताच
एकेक पायरी मोजत खाली गेले.