चौदा मशीनचं कुलूप

पाथर्डी फाट्याच्या पुढे, द्राक्षांचा मळा होता तिथे
आता पत्र्याच्या खोल्या भाड्याने मिळतात.
माझी एकशे बारा नंबर. दहा बाय आठ.
कुलूप ज्याचं त्याने आणायचं,
असं काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
आणि तीन महिने भाडं थकलं तर
ते आम्ही कापणार, हेही त्याच दमात.

कडीचं भोक मोजायला पट्टी नव्हती.
शिसपेन्सिल आत गेली, करंगळी अडली.
एवढं माप घेऊन मी मेन रोडला आलो.

सैफुद्दीनभाईंनी पेन्सिल पाहिली, हसले नाहीत.
खोक्यांतून एकेक काढून काचेवर मांडत गेले.
हे पितळी, दिसायला राजबिंडं,
पण कडी लांब, पहार घालायला जागा सोडते.
हे लोखंडी, चार वर्षांनी आतून गंजतं,
मग किल्ली फिरते, कुलूप फिरत नाही.
हे गोल, थाळीएवढं,
कडी जवळजवळ पोटात घेतलेलं,
कटरला दात रोवायला सापडतच नाही.
"वजन बघू नका, सर," ते म्हणाले,
"मान किती उघडी आहे ते बघा."

आकड्यांचं मी मागून घेतलं.
किल्ल्या हरवायचं वय आहे माझं.
चार चकत्या फिरवल्या,
बोटं आपापली थांबली:
तीन, शून्य, चार, शून्य.
मराठी तीस, इंग्रजी चाळीस.
जेल रोडपासून देवळाली गावापर्यंत
निदान दोन हजार माणसांना
हा आकडा पहिल्याच झटक्यात सुचेल.
परत दिलं.

"आत माल काय आहे?"
मशीन, म्हणालो. चौदा.
"कसली?"
टाइपरायटर, म्हणालो,
आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं
भंगारवाला किलोला काय देतो ते.
त्यांनाही ऐकू आलं असणार.
तरी त्यांनी स्वस्तातलं कुलूप पुढे सरकवलं नाही.

त्यांना काय सांगणार होतो,
नऊ नंबरच्या मशीनचा ळ अर्धाच उठायचा,
विमल पगार सहा महिने त्याच्यावरच बसली,
तिच्या सरावाच्या कागदांवर
वेळ, काळ, सकाळ, सगळे
शेवटाला फिके.
निफाडच्या कोर्टात लागली तेव्हा पेढे घेऊन आली.
पगारबाईंना पगार मिळाला, असा विनोद मी केला होता.
ती हसली होती. चांगली मुलगी.

गोल कुलूप घेतलं. साडेनऊशे.
पेन्सिल परत मिळाली, सोबत दोन किल्ल्या.

दुसरीचं काय करायचं
हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.
मुलाकडे पुण्याला पाठवली
तर तो एका रविवारी येऊन टेम्पो बोलावील,
वाईट वाटून घेऊ नका म्हणेल.
माझ्याकडेच ठेवली
तर दोघी एकाच खिशातून पडतील.
द्वारकेच्या चौकात, रिक्षात बसल्या बसल्या, फोन लावला.
ती निवृत्तीला आली आहे, आवाज जाड झालाय.
सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,
"सर, नऊ नंबरसुद्धा ठेवलंत?"
किल्ली उद्या कुरिअरने जाईल.

संध्याकाळी शटर ओढलं.
कुलूप थंड होतं, हातात मावत नव्हतं,
भोकात मात्र बरोबर बसलं.
दोनदा हिसडून पाहिलं.
पत्रा हादरला,
आणि आत, कुठल्या रांगेत कोण जाणे,
एक मशीन वाजलं. टिंग.

तेहतीस वर्षं एकच सांगत आलो:
घंटी ओळ संपली म्हणून वाजत नाही.
अजून सात अक्षरं बसतात.
घाई करू नका.
शब्द पुरा करा, मग दांडा ओढा.