झाकण

थांब, टोबायस.
पडद्यावर लाल रेघेत पकडून ठेवलायस तो आवाज,
दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवरचा,
ज्याला तू कचरा म्हणतोस,
तो पुसण्याआधी माझी खुर्ची जरा पुढे ओढ.
उजवा कान कामातून गेलाय माझा.

छप्पन सालचा नोव्हेंबर.
पिट्सबर्गच्या हिलवर फर्निचरच्या दुकानामागची खोली,
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना उभ्या टेकवलेल्या गाद्या,
एकेका गादीवर अजून किमतीची चिठ्ठी.
रात्री एकनंतरच टेप फिरायची,
त्याआधी ट्राम जायची खालून
आणि तावदानं आपलंच काहीतरी बडबडत बसायची.

ल्यूशियस भट्टीवरून थेट आलेला.
दोन बोटांवर फोड, फोडांवर पट्टी,
आणि त्याच बोटांनी बासच्या तारा खेचत होता.
कव्हरमागे कुणी विद्वानाने लिहिलंय, वाच:
‘संयमी वादन.’
संयमी कसलं डोंबलाचं!
हात भाजले होते माझ्या नवऱ्याचे.

पियानोवर व्हर्लन, अर्धा झोपेत.
ट्रम्पेटवर ॲम्ब्रोझ टल, पूर्ण जागा आणि पूर्ण स्वतःच्या प्रेमात.
ड्रमवर क्लिओफस मेह्यू.
अख्ख्या जन्मात त्याच्या तोंडून मी दहा वाक्यं ऐकली असतील,
त्यातली सात जेवणाबद्दल.

मी कोपऱ्यात. मांडीवर चवळीचं पातेलं,
पोटात सात महिन्यांची आयरिन.
हूं की चूं करायचं नाही, असा मला दम भरलेला.
तर त्या पोरीने आतून अशी लाथ मारली
की झाकण घसरलं आणि फरशीवर
टण्ण.

हाच. हाच तुझा कचरा.

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.
ल्यूशियसचा ठेका तेवढा हलला नाही.
मला वाटलं, गेली रात्र, गेली टेप,
आणि टेपचे पैसे तर उसने आणलेले.
पण क्लिओफसने मान तिरकी केली,
दारावर कोण आलंय बघावं तशी,
चार मात्रा जाऊ दिल्या,
आणि झांजेच्या अगदी कडेवर, काठीच्या टोकाने, हलकेच:
टण्ण.
माझ्या झाकणाचाच सूर!
पुढच्या फेरीत पुन्हा. त्याच्या पुढच्या फेरीत जरा उशिरा,
चिडवल्यासारखा.
आणि मग बासमधून येणारा तो हुंकार,
लोक म्हणतात वेदना आहे.
हसू आहे ते, बाबा, दाबलेलं हसू.
चौदा वर्षं त्या हसण्याशेजारी झोपले मी.

त्या झांजेवर म्हणे आता विद्यापीठात शिकवतात.
शिकवू देत.
पण तू प्रश्नच पुसलास
तर क्लिओफस उत्तर कुणाला देतोय?
वेडा ठरेल की तो, भिंतीशी बोलणारा.

काढायचंच असेल काही
तर ॲम्ब्रोझच्या शेवटच्या आठ ओळी काढ.
फुशारकी आहे नुसती.
नाही, नको. राहू दे.
त्याच हिवाळ्यात फुप्फुसांनी दगा दिला त्याला,
एवढा श्वास पुन्हा कधी जमला नाही.
करू दे फुशारकी.

दुकान पाडलं. गल्लीही पाडली.
तिथे आता गाड्या उभ्या राहतात, तासाला सहा डॉलर.
गेल्या वर्षी आयरिन घेऊन गेली होती मला.
आम्ही काचा वर करून ही तबकडी लावली
आणि एका तासाचे पैसे भरून पंचेचाळीस मिनिटं बसलो.
पातेलं कुठल्याशा घर बदलण्यात हरवलं.
झाकण आहे, कुंडीखाली ठेवते.

चल, लाव पुन्हा.
मधूनच नको, पहिल्यापासून.
आणि ती जागा येईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस.
मला गप्प बसायला सांगितलंय.