खोल बाजू

पणजीच्या क्लबात चाळीस वर्षं
रुझारियूने पोहायला शिकवलं, काठावरून:
कळकाची काठी, शिट्टी,
चार पोर्तुगीज शिव्या.

पाण्यात उतरायचं सभासदांनी.
तो स्वतः शिकला मानशीत,
भरतीला दार उघडलं की
शेवट्यांबरोबर आत ओढला जायचा.

काल टाकी रिकामी केली.
लोखंडी शिडीशी चपला काढून तो उतरला.
जाळीखाली सतरा नंबरचा पितळी बिल्ला,
केसांचा आकडा,
आणि दोतोर प्रियोळकरांच्या सदऱ्याचं सोन्याचं बटण.
त्यापायी एकाहत्तर साली
कपडे राखणाऱ्या पास्कूला हाकललं होतं.

बटण मुठीत घेऊन
तो खोल बाजूला गेला.
डोक्याच्या हातभर वर
पाण्याची जुनी रेघ.

सवयीने
श्वास धरला.