अर्धं सूत

बोहरी आळीत दुपारी दीड वाजता
मुस्तनसिरभाईंचं शटर अर्ध्यावर असतं.
वाकून आत जायचं.
आधी ग्रीसचा वास लागतो, मग अंधार, मग ते.

जुनी चेन पिशवीतून काढून मी काचेवर ठेवली.
त्यांनी ती खिळ्याला टांगली, पोलादी पट्टी लावली,
चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळा बारीक केला.
बारा इंचांना अर्धं सूत जास्त.
"ढमढेरेबाई, ही कधीच संपलीय."
ताणली गेली का?
"पोलाद ताणत नाही हो. झिजतं.
एकेक पिन, केसाच्याही केसाएवढी.
कुठली एक दोषी नाही."

त्यांना मी खंबाटकीचं सांगितलं नव्हतं.
पहाटे साडेतीन, चढ, मागे कांद्याचा ट्रक,
घाईनं गिअर टाकला आणि पायाखालून
एकदम सगळं हलकं झालं.
पाय फिरत होते. सायकल नव्हती जात.
ढकलत माथ्यावर आले.
पुढचा उतार काही चेन मागत नाही,
तळापर्यंत मस्त आले, वारा खात, मूर्खासारखी.
मग सपाट रस्ता.
मग एसटी, टपावर सायकल,
आणि कंडक्टरनं फाडलेलं तिचं अर्धं तिकीट,
जे अजून पाकिटात आहे.

त्यांनी तीन खोकी मांडली.
पहिली सोनेरी, पिना पोकळ, तळहातावर पिसासारखी.
"शर्यतीला घ्या. किंवा लग्नात द्या."
दुसऱ्या खोक्यावरचं एक अक्षर किंचित पुसट होतं.
तेच म्हणाले, "ही कालच आली, उद्या परत जाणार,"
आणि काउंटरखाली सरकवून दिली,
नको असलेल्या पाहुण्याला मागच्या दारानं काढावं तशी.
तिसरी करडी. बघण्यासारखं काही नाही.
तिला आडवी धरून त्यांनी वाकवून दाखवलं;
वाकली, पण फार नाही,
जुनी शेजारीण ऐकून घेते तेवढी.

किती टिकेल?
"मला काय माहीत? मी सायकलवर कात्रजच्या पुढं गेलेलो नाही."
मग चाळीस वर्षं विकता कशाच्या भरवशावर?
"जी चेन चांगली, तिचं गिऱ्हाईक तोंड दाखवत नाही.
ह्या करडीवाले कुणी परत आले नाहीत.
एक आला होता परवा. लग्नपत्रिका द्यायला."

साडेअठराशे.
मी दोनशे कमी करा म्हटलं, सवयीनं.
त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं, तेही सवयीनं.

मापून आठ कड्या तोडल्या. राहिल्या एकशेआठ.
जपमाळच झाली की, मी म्हटलं.
"आमची तस्बी नव्याण्णवची," ते म्हणाले,
"वरचे नऊ तुमच्या घाटाला."
आणि तोडलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला:
"खिशात असू द्या. कारखान्याचं ग्रीस धुऊ नका.
दर महिन्याला पट्टी लावा.
अर्धं सूत दिसलं की या, त्याआधी नको."

शनिवारी मध्यरात्री स्वारगेटहून निघायचं,
संकेश्वर गाठून परत, सहाशे किलोमीटर, चाळीस तास.
माझं वय त्रेपन्न. डावा गुडघा
जिना उतरताना बोलतो.
त्याला लावायची पट्टी मुस्तनसिरभाईंकडे नाही,
मी विचारलंही नाही.

रात्री गॅलरीत चेन चढवली.
सायकल उलटी, पेडल हातानं फिरवलं.
कान लावून बसले.
खालून कुणाचातरी कुकर, वरून बातम्या,
आणि मध्ये
जिथे तिचा आवाज यायला हवा होता तिथे
काहीच नाही.
थांबले नाही, फिरवत राहिले,
बोटं काळी झाली तरी.