आरशावर सात

फत्तेगंजच्या आमच्या घरात
आरशावर सात टिकल्या चिकटलेल्या आहेत,
सगळ्या रविवारच्या.

मंगळबाजारातलं दहा रुपयांचं पाकीट.
मरून, मखमली, बारीक.
आई लावायची. आजी तर कपाळावर गोंदूनच आलेली
आणि तशीच बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरलेली.
देव कपाळं तपासत बसत नाही,
हे आमच्यात भाजी निवडता निवडता कधीच ठरून गेलं होतं.

मग आमच्या बाकावर सारजाबाई येऊन बसल्या.
इस्टरला बाप्तिस्मा झाला त्यांचा.
त्याआधी बावीस वर्षं, दर मंगळवारी
त्यांचा मळवट भरायचे, केस सोडायचे,
आणि अंगात जे यायचं ते जाताना
त्यांना उंबऱ्यावर टाकून जायचं
ओल्या पिशवीसारखं.

एकदा प्रार्थनेच्या मधेच त्यांनी डोळे उघडले,
माझ्याकडे वळल्या
आणि माझ्या हातातला हात काढून घेतला.
बोलल्या काही नाहीत.
पदराने स्वतःचं कपाळ पुसत राहिल्या.
कोरडंच होतं.

मला उत्तर येत होतं,
अध्याय-वचनासकट.
आठवडाभर घासून लख्ख केलं ते,
आणि बघते तर त्याला धार आलेली.
ठेवून दिलं.

तेव्हापासून रविवारी टिकली आरशाला.
शमुवेल दाढी करता करता म्हणतात,
"मी आहे ना गं अजून?"
निंबाळकरवहिनी जिन्यात क्षणभर थबकतात,
काही विचारत नाहीत,
आणि तेच जास्त लागतं.
त्यांचंही मन मनच.
कुणासाठी किती पुसायचं
हे संडेस्कूलमध्ये कुणी घोकून घेतलं नव्हतं.

सारजाबाईंना वाचता येत नाही.
गीतांच्या पुस्तकात माझं बोट ओळीखालून सरकतं,
त्यांचं मागून, एक अक्षर उशिरा.
हात आता काढून घेत नाहीत.

आज उपासनेनंतर लगेच दांडिया बाजार,
वहिनींच्या नातीचं बारसं.
त्या गेटापाशी उभ्या होत्या, हात हलवत,
म्हणून पुलापर्यंत थांबले.
मग पर्समधून पाकीट काढलं.
ही काळजी म्हणायची
की नुसती लपवाछपवी,
ते पूल संपेपर्यंत काही सुटलं नाही.

रिक्षाच्या आरशात वाकून
अंदाजाने लावली.

रिक्षावाले चाचा आरशातूनच म्हणाले,
"बेन, जरा डाबी बाजू."